पहिल्या सफेतले बावा

लग्न होऊन मी बांद्याहून खाडीकाठच्या या गावात आले, त्या दिवशी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "इस्लामात जात नाय!" ते माझ्याशी बोलत नव्हते. पडवीत बसलेल्या अनंतभाऊ वाण्यांशी बोलत होते. वऱ्हाडाची पंगत बसायची होती. बावा एक हात उंचावून अनंतभाऊंना इस्लामची थोरवी सांगत होते, आणि दुसऱ्या हाताने दालदी मंडळींना मागल्या अंगणात बसायची खूण करत होते. दोन्ही हात एकाच वेळी चालले होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मी घुंगटातून हे पाहिलं आणि मनात म्हटलं, या घरात करमणुकीला काही कमी पडायचं नाही.

दालदी म्हणजे कुणी परके नव्हेत. कलमा तोच, रोजा तोच, मेल्यावर तोंड करायची दिशाही तीच. फक्त ते पिढ्यान्‌पिढ्या मासे मारत आलेले, आणि आम्ही जमाती, म्हणजे जमीनजुमल्याचे, आंब्याच्या बागांचे. त्यांच्या घरी आम्ही जेवत नसू. मुलगी देण्याघेण्याची गोष्ट तर कुणी थट्टेतही काढत नसे. हे सगळं कुठल्या किताबात लिहिलं आहे असं मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तो जहाजावर नोकरीला. त्याने जगातली पंचवीस बंदरं पाहिलेली. तो म्हणाला, "किताबात नाय, बावांच्या डोक्यात आसा. थंय कागद लागत नाय." आणि परत जहाजावर निघून गेला. वर्षा-दीड वर्षातून एकदा तो यायचा. त्यामुळे नवऱ्यापेक्षा सासराच मी जास्त पाहिला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

बावा दिसायला रुबाबदार. उंच, शिडशिडीत, दाढीला मेंदी, हातात बारा महिने छत्री. हज करून आलेले होते. त्या काळी बोटीने महिना-महिना प्रवास करून हज करणारा गावात दुसरा कुणी नव्हता, म्हणून सगळं गाव त्यांना 'हाजीनू' म्हणायचं, हिंदूसुद्धा. आमचं घर मशिदीला लागूनच. बायकांना मशिदीत जागा नाही. पण माडीच्या खिडकीवर कुणी फतवा काढलेला नव्हता. तिथून मशिदीचं अंगण दिसायचं, हौद दिसायचा, आणि दार सताड उघडं असलं की पहिली सफही दिसायची. सफ म्हणजे नमाजातली रांग. पहिली सफ जमाती घरांची, हे ठरलेलं. दालदी मागे, खांबांच्या पलीकडे. आणि पहिल्या सफेत इमामाच्या बरोबर पाठीमागे बावांची सतरंजी.

ती सतरंजी मक्केची. बावा गावात असोत की नसोत, ती तिथे अंथरलेली असायची. बावा कोर्टाच्या कामाला देवगडला गेले की पहिल्या सफेत ऐन मध्यावर एका माणसाची जागा रिकामी. आता नमाजाचा साधा कायदा असा की सफेत फट ठेवायची नाही, माणसाने माणसाला चिकटून उभं राहायचं, नाहीतर मध्ये सैतान शिरतो. हा कायदा दर रमजानात पहिल्या दिवशी बावा स्वतः सगळ्यांना समजावून सांगत. मग ते देवगडला जात आणि सैतान दिवसभर मक्केच्या सतरंजीवर आरामात उभा राही. एकदा एका नव्या पाहुण्याने भाबडेपणाने तिथे पाय ठेवला. चारी बाजूंनी अशी काही खाकरण्याची साथ आली की बिचारा नमाज सुरू होण्याआधीच मागे सरकला.

हजची गोष्ट बावा वर्षातून एकदा मशिदीत सांगायचे. मी ती खिडकीतून इतक्या वेळा ऐकली की मलाही हज घडल्यासारखं झालं होतं. गोष्ट अशी की मक्केत नमाजाला बावांच्या उजव्या बाजूला एक हबशी उभा होता. काळाकुळकुळीत, आडदांड, कुठल्या मुलखातला कोण जाणे. त्याचा खांदा बावांच्या खांद्याला लागला, आणि नमाज संपून सलाम फिरवल्यावर त्याने बावांना मिठी मारली. इथवर आले की बावा उठून उभे राहायचे. "सफेद चादर तेका, सफेद चादर माका. कोण राजा, कोण गुलाम? हो इस्लाम!" असं म्हणून ते खरोखर रडायचे. हे रडणं ढोंगाचं होतं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. ते खरं होतं. मागे खांबाआड बसलेले दालदीही डोळे पुसायचे. मग सगळे उठायचे आणि आपापल्या सफेत जाऊन उभे राहायचे. बावांचा जीव समतेवर होता, फक्त ती समता बोटीने महिनाभर प्रवास करून जायच्या अंतरावर असावी लागे.

अनंतभाऊ वाणी त्यांचे जिवाभावाचे. रोज संध्याकाळी पडवीत दोघांची बैठक. अनंतभाऊ डिवचायचे, "काय हो हाजीनू, तुमच्यात जात नाय ना? मग इस्माईल तांडेलाच्या घरचो च्या कित्याक नको म्हणतास?"

"माका च्या बाधता," बावा शांतपणे सांगायचे, आणि समोरचा चहाचा पेला तोंडाला लावायचे.

अनंतभाऊंना बोलायला फार जागा होती असंही नाही. बावा त्यांच्याकडे गेले की त्यांच्यासाठीची कपबशी बाहेरच्या खुंटीशेजारच्या कोनाड्यातून निघायची, आणि बावांनीच ती विसळून परत ठेवायची असायची. दोघांनाही ते ठाऊक होतं, दोघेही त्यावर कधी बोलले नाहीत. एकमेकांची ठिकाणं माहीत असलेल्या माणसांची मैत्री फार टिकते, तशी ती टिकली.

माशांचं मात्र वेगळं होतं. दालद्यांच्या घरचं पाणी चालत नसे, मासा चाले. इस्माईल हा दालद्यांच्या मचव्याचा तांडेल, म्हणजे नाखवा, आणि त्याची बायको कुलसुमबी रोज मागल्या दारी टोपली घेऊन यायची. ठेंगणी, गोल, तोंडाची फटकळ. बावा स्वतः येऊन सुरमई निवडायचे, गालफडं उघडून बघायचे, पोटावर बोट दाबायचे. कुलसुमबी कमरेवर हात ठेवून बघत राहायची.

"हाजीनू, माझ्या घरातली भाकरी हराम, आणि माझ्या हातातलो मासो हलाल. ह्या कसा?"

"अगो, मासो दर्यातसून येता. दर्यो सगळा पाक करता."

"मगे माका एकदा बुडवून काढा दर्यात. मीय पाक होतंय."

माझी सासू, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणायचो, चुलीपाशी बसल्या बसल्या हसायची. नवऱ्यासमोर ती एका शब्दाने बोलत नसे, पण हसू तिला आवरत नसे.

त्या दर्याचीच एक गोष्ट कुलसुमबीने मला सांगितली. माझ्या लग्नाआधीची. बावा विजयदुर्गाहून इस्माईल तांडेलाच्या मचव्यातून परत येत होते. वाटेत वारा उलटला. लाटा मचव्यात यायला लागल्या. बावांचा चेहरा पांढराफटक. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची वेळ झाली तेव्हा कुणाला उभंही राहवेना, पण इस्माईल म्हणाला, "नमाज चुकवूची नाय, कोणाक म्हायत, ही शेवटची आसात." सुकाणू मुलाच्या हाती देऊन तो पुढे झाला, आणि त्याच्या पाठीमागे मचव्यातली सगळी माणसं, खलाशी, दालदी आणि हाजी हसनमियां म्हणजे आमचे बावा, बसल्या बसल्या नमाज पढली. "माझ्या घोवाचो सद्रो घट धरून बसले होते हाजीनू," कुलसुमबी सांगायची. "सजद्याक गेले तरी सोडूक नाय." मचवा किनाऱ्याला लागला तसे बावा खाली उतरले, छत्री उघडली, आणि दुसऱ्या दिवशी मशिदीत आपल्या सतरंजीवर उभे राहिले. कुणीतरी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "पाण्यावर चलता."

मग आमचे म्हातारे इमाम वारले, आणि जे पाण्यावर चाललं ते जमिनीवर चालतं का, हे बघायची वेळ आली.

कुलसुमबीचा मुलगा कासम लहानपणी चुणचुणीत होता. इस्माईलने त्याला गुजरातेतल्या एका मदरशात पाठवलं होतं. तो अख्खं कुराण पाठ करून, हाफिज होऊन त्याच सुमाराला परत आला. पंचक्रोशीत दुसरा हाफिज नाही. मशिदीला इमाम नाही. इमाम कुणी व्हावं याबद्दल दीनचा, म्हणजे धर्माचा, हुकूम अगदी साधा आहे: ज्याला कुराण जास्त येतं त्याने पुढे उभं राहायचं. बावांना हा हुकूम पाठ होता. अडचण एवढीच होती की इमाम पहिल्या सफेच्याही पुढे उभा राहतो.

एके दिवशी कुलसुमबी टोपली न घेता आली. तिला रिकाम्या हाताने पाहून मलाच चुकल्यासारखं वाटलं. ती मागल्या दाराच्या पायरीवर उभी राहिली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि बावांना म्हणाली, "हाजीनू, पगार नको. नेमणूक नको. एक जुम्मो. एकदाच माझ्या झिलाक फुडे उभो रवांदे. मी हय भायर, गडग्याकडे उभी रवान ऐकीन. मगे तुमी खंयचोय इमाम हाडा."

बावा कठोर बोलले असते तर बरं झालं असतं. ते फार मायेने बोलले. "अगो कुलसुम, इस्लामात जात नाय. कासम म्हणजे माझोच झील. पण..."

बावांचं सगळं आयुष्य त्या 'पण'मध्ये राहत होतं. पण कासम लहान आहे. पण आवाज बारीक आहे. पण मंडळींना विचारायला हवं. मंडळी म्हणजे कोण, तर पहिली सफ. ती शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात बसली आणि मी खिडकीत बसले. कासमला बोलावून पुढे उभं केलं. बावांचे चुलतभाऊ दादामियां उठले आणि त्यांनी कासमच्या हनुवटीखाली मूठ धरली. इमामाची दाढी मूठभर असावी. कासमची बावीस वर्षांच्या पोराची दाढी ती, मुठीत कुठून येणार? दादामियांनी मूठ सगळ्यांना दाखवली. सगळ्यांनी माना हलवल्या. दादामियां स्वतः दर शुक्रवारी मालवणच्या सलूनमध्ये बसून आलेले, गुळगुळीत. कासम खाली बघत उभा होता. त्याचा कान लाल झालेला मला वरून दिसत होता, आणि मला त्या दिवशी सगळ्या दाढ्यांचा राग आला.

बावांनी मग पत्रापत्री करून उत्तरेकडून एक मौलवी आणले. एस.टी.तून उतरले तेव्हा बावा स्वतः छत्री धरायला गेले. भरघोस दाढी, लांब अंगरखा, आणि अशी उर्दू की गावात कुणाला कळेना. अम्मा म्हणाली, "ते काय बोलतत ता समाजना नाय." बावा म्हणाले, "समजूचा नाय तितके ते भारी आसत." बावांनी त्यांना पहिल्या दिवसापासून 'सय्यदसाहेब' म्हणायला सुरुवात केली. मौलवींनी कधी आपण सय्यद आहोत असं म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. त्यांना मासे चालत नसत, काटे घशात अडकायचे, त्यामुळे आमच्या खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून दीनच्या कामी आल्या. माणूस तसा गरीब होता, बरा होता. एवढंच की नमाज पढवताना ज्या वेगाने जायचा त्या वेगाने आमची एस.टी. कधी गेली नाही.

वर्षभराने मौलवींचे वडील मुलाला भेटायला आले. बावांनी त्यांना पुढल्या खोलीत गादीवर बसवलं, वडे-सागुती केली, आणि आपल्या मोडक्यातोडक्या उर्दूत विचारलं, "आपका सय्यद खानदान कितना पुराना है?"

म्हातारा खळखळून हसला. "सय्यद? अरे नहीं हाजीसाहब, हम तो जुलाहे हैं. चार पीढ़ी से करघा चलाते हैं." आणि त्याने बोचकं सोडून स्वतः विणलेली एक सुंदर निळी लुंगी काढली आणि दोन्ही हातांनी बावांच्या मांडीवर ठेवली.

पडद्याआड अम्माने पदराचा बोळा तोंडात कोंबला. बावा त्या लुंगीकडे बघत राहिले. विणकर ही तिकडची दालद्यांसारखीच खालची मानलेली जात, हे मौलवींना आणताना कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर 'इस्लामात जात नाय' हे सोडून द्यावं लागलं असतं. आता काढून टाकायचं तरी कारण काय सांगणार? बावांनी लुंगी उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "माशाल्ला."

बातमी मागल्या दारी पोचायला काय वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी कुलसुमबी आली ती हसूनच. टोपली खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "हाजीनू, कापड विणणारो फुडे, आणि जाळा विणणारो फाटी? धागो तर दोघांचोय सुताचोच."

"ता वेगळा," बावा म्हणाले.

"काय वेगळा?"

"ती कारागिरी."

"आणि आमची?"

बावांनी सुरमईचं गालफड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "शिळी दिसता." सुरमई सकाळची, तडफडती होती. असं करून आमच्या गावात हे पक्कं झालं की इस्लामात जात नाही, मात्र ती जात दुसऱ्या मुलखातली असली पाहिजे. कुलसुमबी त्या दिवशी पैसे न घेताच गेली, आणि नंतर पाच-सहा दिवस आमच्याकडे मासा आला नाही. बावांनी डाळ-भात खाल्ला आणि एका शब्दाची तक्रार केली नाही. आपण काय केलं ते त्यांना कळत होतं, असं माझं मत आहे. कळत नसतं तर ते माशासाठी ओरडले असते.

त्यानंतरच्या रमजानात दालद्यांनी किनाऱ्यावर, होड्या ओढून ठेवतात त्या जागेशेजारी, माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला आणि कासमच्या पाठीमागे नमाज सुरू केली. आता मशिदीत बावांचं काय गेलं? मागची सफ गेली. मागे कुणी असेल तरच पहिल्या सफेला काही अर्थ. बावा बेचैन झाले. मशिदीत उभे राहून मुसलमानांच्या एकीवर बोलले. फूट पाडणं हा केवढा गुन्हा, हे सांगताना ते पुन्हा रडले, आणि तेही खरंच. मग स्वतः छत्री घेऊन किनाऱ्यावर गेले. हे मला इस्माईल तांडेलानेच सांगितलं.

"इस्माईल, ह्या बरा नाय. अल्लाचा घर एक. मुसलमान एक. सगळे मशिदीत चला."

इस्माईल जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने वर पाहिलं. "येतंव हाजीनू. उभा खंय रवाचा?"

बावांनी छत्रीचं टोक वाळूत रुतवलं आणि म्हणाले, "जागा आसात थंय."

"जागा आमका हयच आसा," इस्माईल म्हणाला, आणि बावांना बसायला त्याने होडीचा पाट पुसून दिला. बावा बसले नाहीत.

रमजानात संध्याकाळ उलटून गेली की मशिदीतली लांब नमाज लवकर उरकायची, मौलवींचा वेग तो. किनाऱ्यावरची चालू असायची. वारा खालून वर आला की कासमचा आवाज मागल्या दारापर्यंत यायचा. अम्मा पायरीवर बसून ऐकायची. एकदा बावा मशिदीतून आले आणि त्यांनी तिला पाहिलं.

"काय ऐकतस?"

"दर्यो," अम्मा म्हणाली.

बावा तिथेच उभे राहिले. छत्री टेकून, मान किंचित कलती करून. कासम थांबत थांबत म्हणायचा, प्रत्येक शब्द जागेवर ठेवल्यासारखा. कुराणाचा तो अध्याय, ती सुरा, संपेपर्यंत बावा हलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज बरो आसा. पण..." त्या 'पण'च्या पुढे त्या दिवशी त्यांना काही सुचलं नाही. ते आत गेले. मला त्यांची फार कीव आली. एवढं गोड पाणी दारापर्यंत आलेलं आणि हा माणूस तोंड मिटून बसलेला.

पुढे काही वर्षांनी बावा अंथरुणाला खिळले. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच. एक दिवस सगळ्यांना जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, "माझो जनाजो मौलवीसायबांनीच पढवूचो. दुसऱ्या कोणी न्हय." जनाजा पढवायचा म्हणजे मय्यतीची नमाज पढवायची. दुसरा कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अम्मा उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती. पंखा एकदा थांबला आणि परत सुरू झाला.

आणि बावा गेले ते ऐन आषाढात. धो धो पाऊस, खाडीला लोंढा, खाडी ओलांडायची तर बंद, रस्ता खचून एस.टी. बंद. माझा नवरा कुठल्या तरी आफ्रिकेच्या बंदरात. मौलवी रजेवर आपल्या गावी गेलेले. मय्यत ठेवून घेता येत नाही. अंगणात पहिली सफ जमली. दादामियां म्हणाले, मी पढवतो. तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण मागे त्यांनी एक जनाजा पढवला होता त्यात त्यांच्या तकबिरी, म्हणजे 'अल्लाहु अकबर'चे पुकारे, हुकल्या होत्या, आणि मेलेला माणूस नीट पोचला की नाही याबद्दल त्याच्या घरचे अजून साशंक होते. कुणी म्हणालं थांबूया. कुणी म्हणालं कसं थांबणार. पाऊस वाढत होता.

तेव्हा दाराआडून अम्माचा आवाज आला. "कासमाक बोलवा."

अम्मा परपुरुषांसमोर कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती. दादामियां दाराकडे पाठ करून म्हणाले, "भाभी, हाजीनू काय सांगान गेलेत, तुमका म्हायत आसा."

"माका म्हायत आसा. जल्मभर मी तेंचा आयकलंय. आज तेंनी माझा आयकूचा."

यावर ज्याने उत्तर दिलं असतं तो गादीवर पांढऱ्या कपड्यात पडला होता.

पुढच्या जुम्म्याच्या आधी खाडी उतरली, मौलवी परत आले, आणि मशिदीतली पहिली सफ पुन्हा होती तशीच झाली. हे मी इथेच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून शेवटी कुणी गोड बातमीची वाट बघत बसायला नको. पण त्या दिवसाचं सांगते.

कासम आला. त्याच्याबरोबर इस्माईल आला, सगळे दालदी आले. बावांनी दरवर्षी पावसाळ्यात त्यांच्या घरी तांदूळ पोचवलेले होते, कुंपणाबाहेरूनच का होईना, ते कुणी विसरलं नव्हतं. कुलसुमबी मागल्या दाराने आली. अम्मा तिला म्हणाली, "वयर चल, खिडकीत." कुलसुमबी जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडली. "माझ्या अंगाक मासळेचो वास येता गो भाभी." अम्मा म्हणाली, "येवंदे." तिचा हात धरून ती तिला माडीवर घेऊन आली, आणि आम्ही तिघी खिडकीत उभ्या राहिलो.

खाली मशिदीच्या अंगणात बावांचा जनाजा ठेवला होता, वर हिरवी चादर. कासम जनाज्यासमोर उभा राहिला आणि मागे वळून, प्रत्येक इमाम म्हणतो तेच म्हणाला, "सफा सरळ करा. खांद्याक खांदो लावा. मधी जागा सोडू नकात."

पहिली सफ विरळ होती. बरीच माणसं पावसाने पोचलीच नव्हती. मध्ये मोठमोठ्या फटी. दालदी सवयीने मागे उभे. कुणी हललं नाही. कासमने तकबीर म्हटली नाही. तो थांबला. पाणी त्याच्या टोपीवरून नाकावर ओघळत होतं. त्याने पुन्हा तेच शब्द म्हटले, त्याच आवाजात, कुणाचं नाव न घेता, आणि पुन्हा थांबला. मला वाटलं, हा आता संध्याकाळपर्यंत उभा राहील, आणि जनाजा भिजत राहील. शेवटी इस्माईल तांडेल मागून निघाला आणि दादामियांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दादामियांनी आभाळाकडे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्यांचा खांदा इस्माईलच्या खांद्याला लागला. एकेक करून बाकीचे आले. कोण कुठला, हे वरून मला ओळखता येईना, सगळ्यांची डोकी सारखीच भिजलेली.

कुलसुमबीने ओढणी तोंडाला लावली होती. तिचं अंग हलत होतं. मला वाटलं ती रडते आहे, आणि ती रडतही होती. पण डोळे पुसून ती अम्माकडे वळली आणि खाली बोट दाखवत हळूच म्हणाली, "भाभी, बघलात? माझ्या झिलाच्या फाटी उभे रवाचे नाय म्हणजे नाय. आजय हाजीनू तेच्या फुडेच."

अम्माने खाली पाहिलं. सगळ्यांच्या पुढे कासम, आणि कासमच्याही पुढे, एकटे, बावा. नवरा जाऊन पुरता एक दिवस झाला नव्हता त्या बाईला. तिच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच श्वासात ती जी रडायला लागली ती आम्हा दोघींना आवरेना. खाली कासमने हात कानापर्यंत नेले आणि पहिली तकबीर म्हटली.